घड्याळाचं अपडेट किती दिवसांनी यावं, आणि आलं तर कधी टाकावं
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक काका आत आले. पळताना लावायचं जीपीएस घड्याळ मनगटावर नव्हतं, रुमालात होतं. पुण्याहून दुपारी पोहोचले, लॉजवर जरा आडवे झाले, फोनवर ‘नवीन अपडेट उपलब्ध’ असं आलं आणि त्यांनी ‘होय’ दाबलं. मधे लाइट गेली, वायफाय गेलं. फोनने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, घड्याळ अडकलं. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी फॅक्टरी रिसेट मारला. आता घड्याळ चालू होतं, पण भाषा विचारत होतं, आणि वर्षभर बसवून ठेवलेली स्क्रीनवरची पानं सगळी गेली होती. वर पेस, म्हणजे ठराविक अंतराला लागणारी मिनिटं, किलोमीटरऐवजी मैलात. सहाच्या पेसने पळणाऱ्या माणसाला ते नऊ-एकोणचाळीस दाखवत होतं. यवतेश्वरच्या घाटात सकाळी हे बघून कुणाचंही अवसान गळेल.

तासभर बसून आम्ही सगळं परत लावून दिलं. पण हीच गोष्ट थोड्याफार फरकाने दर हंगामात होते, म्हणून हा कागद छापला.

घड्याळात काय काय येतं

लोक सगळ्यालाच अपडेट म्हणतात. खरं तर तीन वेगळ्या गोष्टी येतात.

एक, फर्मवेअर. म्हणजे घड्याळाचा मूळ कारभार. बटण दाबल्यावर काय व्हायचं, नाडीच्या सेन्सरचा दिवा कधी लावायचा, बॅटरी कशी पुरवायची, हे सगळं त्यात. जीपीएसच्या चिपला आणि नाडीच्या सेन्सरला बहुधा आपापलं वेगळं फर्मवेअर असतं. ते मुख्य अपडेटसोबत गुपचूप येतं.

दोन, उपग्रहांची फाइल. येते काही दिवस कुठला उपग्रह कुठे असेल, याचा तयार तक्ता. सिंक केलं, म्हणजे घड्याळ फोनमधल्या अ‍ॅपला जोडून माहितीची देवाणघेवाण केली, की ही छोटी फाइल आपोआप येते आणि काही दिवसांत शिळी होते. ती नसेल तर घड्याळाला प्रत्येक उपग्रहाकडून त्याचा ठावठिकाणा ऐकून घ्यावा लागतो. एका उपग्रहाचं सांगून व्हायलाच 30 सेकंद लागतात, आणि मधे झाड किंवा इमारत आली की पुन्हा पहिल्यापासून. ‘माझं घड्याळ सिग्नलच पकडत नाही’ म्हणून येणाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, शेवटचं सिंक कधी केलंत? उत्तर ऐकून निम्मी तक्रार तिथेच मिटते.

तीन, फोनमधलं अ‍ॅप. ते बदललं म्हणून घड्याळ बदलत नाही.

हा फरक सांगायचं कारण आहे. 28 जानेवारी 2025 ला गार्मिन कंपनीची बरीच घड्याळं जगभर एकाएकी निळ्या त्रिकोणावर अडकली. बंद-चालू, बंद-चालू, पुढे काही नाही. शिव्या फर्मवेअरला बसल्या, पण सदोष होती ती उपग्रहांची फाइल. बहुतेक घड्याळं नीट पद्धतीने सिंक केल्यावर मार्गी लागली. तेव्हा ‘मी अपडेट टाकतच नाही, म्हणून मी सुरक्षित’ असं समजू नका.

मग किती वेळा यावं?

आम्हाला विचाराल तर नवी वैशिष्ट्यं वर्षातून तीन-चार वेळा, त्याहून जास्त नकोत. आधी आलेल्यातल्या चुका दुरुस्त करणारं छोटं अपडेट महिन्या-दीड महिन्यात आलं तरी चालेल. सुरक्षेची दुरुस्ती मात्र तयार झाली त्या दिवशी.

दर पंधरवड्याला काहीतरी नवीन देणारी कंपनी उत्साही वाटते. आम्हाला मात्र तिथे धास्ती वाटते. घड्याळ म्हणजे फोन नव्हे. फोन हँग झाला तर दोन मिनिटं चिडचिड होते, घड्याळ हँग झालं तर 32 व्या किलोमीटरला सगळी नोंद जाते. शिवाय घड्याळाची चाचणी घाईत होतच नाही. काही दोष असे असतात की घड्याळाच्या मेमरीत थोडा थोडा कचरा साचत जातो. तासाभराच्या पळण्यात काही कळत नाही, नवव्या तासाला स्क्रीन गोठते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत सुमारे 90 किलोमीटरची, मुदत 12 तासांची. आपल्याकडूनही लोक जातात. असा दोष पकडायचा तर कुणीतरी खरोखर घड्याळ तेवढे तास चालवून बघायला हवं, आणि तेही एकाच मॉडेलवर नव्हे. पोहताना वेगळं, सायकलवर वेगळं, थंडीत बॅटरी वेगळी. हे काम दोन आठवड्यांत उरकतं यावर आमचा विश्वास नाही.

दुसरं टोकही वाईट. आठ-दहा महिने काहीच नाही आणि मग एकदम मोठं गाठोडं. त्यात इतकं काही बदललेलं असतं, की बिघाड कशामुळे झाला हे कंपनीलाही चटकन सापडत नाही.

अपडेटसोबत येणाऱ्या टिपणाबद्दलही बोलायला हवं. ‘विविध सुधारणा व दुरुस्त्या’. एवढंच! प्लंबरने घरी येऊन ‘केलं काम’ म्हणत बिल हातात ठेवावं तसं. नाडी मोजायचं गणित बदललं असेल, उंची मोजायची पद्धत बदलली असेल, तर तसं स्पष्ट लिहायला काय जातं? मागच्या महिन्यातली तुमची चढाई आणि या महिन्यातली चढाई मग एका मापाने मोजलेलीच नसते. आम्ही ग्राहकांना सांगतो, अपडेट टाकलं त्या दिवशी ट्रेनिंग डायरीत व्हर्जन नंबर लिहून ठेवा. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचा घड्याळाने काढलेला अंदाज) अचानक तीन अंकांनी वाढला, तर पेढे वाटण्याआधी ते पान बघा.

थांबू नये अशी अपडेटं

2025 च्या जूनमध्ये कोरोस पेस 3 या घड्याळाच्या ब्लूटूथमधल्या त्रुटी जर्मनीतल्या सुरक्षा-तज्ज्ञांनी जाहीर केल्या. दुरुस्तीसाठी कंपनीने आधी वर्षअखेरीची मुदत सांगितली होती. बोभाटा झाल्यावर ती बरीच अलीकडे आणली. आमच्या मते अशा गोष्टीला तिमाही वेळापत्रक लावूच नये. घड्याळात तुमच्या घराचा पत्ता असतो. रोज पहाटे साडेपाचला जिथून ट्रॅक सुरू होतो तो बिंदू म्हणजेच तुमचं दार.

दुसरा प्रकार तारखेचा. जीपीएसचे उपग्रह तारीख आठवड्यांच्या क्रमांकात सांगतात, आणि जुन्या पद्धतीत तो आकडा 1023 पर्यंत जाऊन परत शून्यावर येतो. 6 एप्रिल 2019 च्या मध्यरात्री (जागतिक वेळेप्रमाणे) तसं झालं. ज्या जुन्या उपकरणांना वेळेत दुरुस्ती मिळाली नव्हती, त्यांच्यासाठी 7 एप्रिल 2019 ची सकाळ म्हणजे 22 ऑगस्ट 1999. पुढची अशी पाळी 2038 च्या नोव्हेंबरात. वडिलांचं जुनं घड्याळ कपाटातून काढून वापरायला घेतलंत आणि ते भलतंच साल दाखवू लागलं, तर ते मोडलेलं असेलच असं नाही. आधी आमच्याकडे आणा.

हंगामाची अडचण

घड्याळं बनवणाऱ्यांचं वर्ष वेगळं, आपलं वेगळं. अ‍ॅपलच्या घड्याळाची मोठी आवृत्ती दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास येते, आणि इतरांचीही धामधूम साधारण त्याच सुमारास असते. आपल्याकडे नेमका तेव्हा पाऊस ओसरत असतो आणि स्पर्धा सुरू होतात. सप्टेंबरात सातारा आणि लडाख, मग गोव्यातली ट्रायथलॉन, डिसेंबरात पुणे, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा आपण फक्त उन्हाच्या नावाने बोटं मोडत असतो, तेव्हा हवी तेवढी अपडेटं टाका. सप्टेंबर ते जानेवारी जपून.

आमचा दंडक सोपा आहे. स्पर्धेआधीचे पंधरा दिवस फर्मवेअरला हात लावायचा नाही. घड्याळाच्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करता येतं, ते बंद करा. सिंक मात्र चालूच ठेवा, उपग्रहांची फाइल ताजी हवी. आणि स्पर्धेआधी दोन दिवसांत सुरक्षेचं अपडेट आलं तर? टाकू नका. रविवारी पळून या, सोमवारी टाका. जुनं व्हर्जन परत आणणं बहुतेक घड्याळांत जमत नाही, अ‍ॅपलमध्ये तर नाहीच.

टाकताना बॅटरी निम्म्याहून जास्त असू द्या आणि घड्याळ चार्जरवर ठेवा. चार्जिंगच्या पिना आधी पुसून घ्या. घामाचा पांढरा थर बसलेला असला की चार्जिंग मधेच तुटतं. फाइल फोनमधून ब्लूटूथने जाते तेव्हा वेळ लागतो, म्हणून मोठ्या अपडेटला शक्यतो केबल वापरा. घड्याळ स्वतः रिस्टार्ट होऊन पट्टी पुढे सरकू लागली की बटण दाबायचं नाही. त्या वेळी ते जुनं पुसून नवं लिहीत असतं. पट्टी एका जागी दहा मिनिटं थांबली तरी थांबू द्या.

काउंटरवर नेहमी विचारलं जाणारं

मित्राला आलं, मला का नाही? कंपन्या आधी थोड्या लोकांना पाठवतात आणि गडबड दिसली नाही तर बाकीच्यांना. उशिरा आलं तर नशीबवान समजा. बीटाच्या, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेल्या कच्च्या आवृत्तीच्या, वाटेला एकच घड्याळ असणाऱ्याने जाऊ नये.

अपडेटनंतर बॅटरी भराभर उतरते. दोन दिवस द्या, आतली आवराआवर चालू असते. तिसऱ्या दिवशीही तेच असेल, तर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर टक्केवारी लिहा, तीन रात्री. तो कागद घेऊन या. ‘लवकर संपते’ एवढ्यावर कंपनीकडे वॉरंटीत भांडता येत नाही, आकड्यांवर येतं.

मराठी मेसेज नीट दिसत नाहीत. खरं आहे, आणि आमचंही हे जुनं दुखणं आहे. काही घड्याळांवर चौकोन येतात, काहींवर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. हे फर्मवेअरमधूनच सुधारतं. घ्यायच्या आधी दुकानातल्या नमुन्यावर स्वतःला एक मराठी मेसेज पाठवून बघा, आम्ही आनंदाने जोडून देतो.

जुन्या मॉडेलला आता काहीच येत नाही. आमचा अनुभव असा, की दोन-तीन वर्षांनी नवी वैशिष्ट्यं थांबतात, दुरुस्त्या आणखी काही काळ येतात. पळणं, लॅप, नाडी एवढंच लागत असेल तर त्यासाठी नवं घड्याळ घेऊ नका. विकायला बसलो असलो तरी हे सांगतोच.

आमच्याकडून घेतलेल्या घड्याळाचं अपडेट आम्ही दुकानात फुकट टाकून देतो, पाऊण तास धरून या. येताना ज्याच्याशी घड्याळ जोडलंय तोच फोन आणा, मुलाचा नको. चार्जिंगची केबल आणा. आणि अ‍ॅपचा पासवर्ड घरूनच आठवून या, अर्धा वेळ त्यातच जातो.