बावचीचे तेल नेणाऱ्यांसाठी: फोड तिसऱ्या दिवशी का येतात?

"तेलात भेसळ आहे, लावलं आणि फोड आले." बावचीचे तेल कोडाच्या पांढऱ्या डागांवर लावून थोडे ऊन घेतात. उन्हाळा सुरू झाला की ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी दुकानात येतेच. बाटली परत घ्यायला आमची ना नाही. पण नीट विचारपूस केली की बहुतेक वेळा दिसते, तेल अस्सल होते म्हणूनच फोड आले.

बावचीच्या काळ्या, चपट्या बियांत सोरॅलेन असते. कुमारिन नावाच्या वनस्पतींतल्या द्रव्यांच्या कुळातले हे द्रव्य १९३३ मध्ये आपल्याच देशात या बियांतून वेगळे काढले गेले. अंजिराच्या पानांत आणि चिकातही ते असते. बागेत उन्हात काम करणाऱ्यांच्या हातांवर चट्टे उठतात ते त्यामुळेच. अंधारात सोरॅलेन त्वचेला फारसे काही करत नाही. उन्हातले ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण पडले, की ते पेशींतल्या डीएनएला घट्ट धरते. कोडावर उपयोग होतो तो याच गुणामुळे, आणि कातडी भाजते तीही याच गुणामुळे.

आता चूक कुठे होते ते. नुसत्या उन्हाने कातडी लाल व्हायची तर संध्याकाळपर्यंत कळते. सोरॅलेनची लाली साधारण एका दिवसाने दिसू लागते आणि दोन-तीन दिवसांनी सर्वांत जास्त होते. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी तेल वाढवतो, उन्हात दुप्पट बसतो. मग तिसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचे एकदम उठते. मागे एक ताई आल्या होत्या. डाग गुडघ्याखाली, रुपयाएवढा. फोड मात्र घोट्यापर्यंत सरळ रेघेत. तेलाचा ओघळ जिथून गेला, तिथून. फोड लवकर बसले, काळी रेघ दिवाळीपर्यंत राहिली.

म्हणून तेल कापसाच्या काडीने, डागापुरतेच लावा. आधी मसुराच्या दाण्याएवढ्या जागी लावून तीन दिवस थांबा. ऊन किती मिनिटे घ्यायचे हे त्वचारोगतज्ज्ञ किंवा वैद्य सांगतील, स्वतःच्या अंदाजाने वाढवू नका. नंतर साबणाने धुवा आणि दिवसभर ती जागा कपड्याखाली ठेवा. हे किरण खिडकीच्या काचेतून आणि ढगाळ हवेतही येतात. तेलात लिंबू पिळण्याचा उपाय मोबाइलवर फिरतो, तो कृपा करून करू नका. लिंबाच्या सालीत याच जातीची द्रव्ये असतात. फोड आलाच तर फोडू नका. बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आम्ही डॉक्टरांची किंवा वैद्यांची चिठ्ठी मागतो, लहानच बाटली देतो, याचा काहींना राग येतो. पण दुखणे घेऊन परत आलेला माणूस आम्हाला बघवत नाही. तेल आम्ही तिळाच्या तेलात मिसळून देतो आणि प्रमाण लेबलवर लिहितो. पोटात घेण्यासाठी चूर्ण चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. "कोड जाईल ना?" याची हमी आम्ही देत नाही. तशी जाहिरात करायला औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यानेही बंदी आहे, आणि हमी देणाऱ्यांपासून जरा जपूनच राहा.

पहिल्यांदाच नेत असाल तर दुपारी चारनंतर या. तेव्हा गर्दी नसते. किती आणि कसे लावायचे ते बसून दाखवतो. कापसाच्या काड्या बाटलीबरोबर मोफत.