परदेशी दत्तकातील पहिली भेट : विमानतळापासून शिशुगृहापर्यंत

नवी मुंबईतल्या एका शिशुगृहात दुभाषी म्हणून गेले असताना मी अशी एक भेट जवळून पाहिली. साडेचार वर्षांच्या त्या मुलीच्या मांडीवर अल्बम होता. परदेशातले घर, तिच्यासाठी लावलेली खोली आणि आई-बाबा यांचे त्यातले फोटो शिशुगृहात तिला सांभाळणाऱ्या मावशी तिला दोन महिने रोज दाखवत होत्या. ती दोघे आत आली तेव्हा मुलगी धावली नाही, रडलीही नाही. तिने फोटो पाहिला, समोरच्या बाईंकडे पाहिले आणि मावशींना विचारले, ‘हिला चष्मा कधी लागला?’ मी ते आईला सांगितल्यावर तिने चष्मा काढून मुलीच्या हातात दिला आणि पुढचा अर्धा तास त्या चष्म्यातच गेला.

पहिली भेट मुलाच्या ओळखीच्या खोलीत, त्याच्या भाषेत आणि त्याच्या माणसांसमोर व्हावी, हे आज स्वाभाविक वाटते. पण एकेकाळी ती बहुधा परदेशातल्या विमानतळावर होत असे. १९७० च्या दशकात आणि त्यानंतरही अनेक भारतीय मुले सोबत्याबरोबर विमानाने पाठवली जात, आणि फोटोवरून ओळखलेले मूल आई-बाबा तिथे प्रथमच कडेवर घेत. त्यामागे कायद्यातली उणीवही होती. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू असल्याने इतर परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ ‘पालक’ म्हणून नेमली जात आणि खरे दत्तकविधान त्यांच्या देशात पार पडे. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याकरिता १९७२ मध्ये मांडलेले विधेयक १९७८ मध्ये मागे घेतले गेले.

१९८२ मध्ये अ‍ॅड. लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबरोबरच, कोवळ्या मुलांना जिवावर बेतेल अशा लांबच्या प्रवासाला धाडले जाते, अशी त्यांची तक्रार होती. त्या पत्रालाच याचिका मानून न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने ६ फेब्रुवारी १९८४ रोजी जो निकाल दिला, त्यावर पुढची सगळी व्यवस्था उभी राहिली. मुलासाठी आधी भारतीय घर शोधावे, परदेशी कुटुंबाचा गृह-अभ्यास अहवाल, म्हणजे त्यांच्या घरच्या परिस्थितीची पाहणी, तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावा आणि मूल सोपवणाऱ्या जन्मदात्रीला फेरविचारासाठी सुमारे तीन महिने मिळावेत, असे न्यायालयाने सांगितले. (२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ही मुदत दोन महिन्यांची आहे.) माझ्या मते त्या निकालाचे मोठेपण असे, की घराला मूल हवे आहे की नाही याआधी मुलाला घर हवे आहे, हा क्रम त्याने ठरवून दिला.

१९९० मध्ये दत्तकाचे नियमन करणारी ‘कारा’ ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. परदेशी दत्तकासंबंधीच्या १९९३ च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००३ मध्ये शिक्कामोर्तब केले. बाल न्याय कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी दांपत्यांना इथेच पूर्ण अर्थाने आई-वडील होता येऊ लागले, आणि मूल नेण्यासाठी त्यांनी स्वतः भारतात यावे, हा नियम रुजला.

भारतीय घराला अग्रक्रम असल्याने परदेशी जाणाऱ्या मुलांत वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा आरोग्याच्या विशेष गरजा असलेली मुले बरीच असतात. तान्ह्या बाळाला नवे हात पुरतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र भाषा असते, रोजचा वरणभात असतो, झोपताना थोपटणारी मावशी असते, आणि हे सगळे एका आठवड्यात सुटणार असते. म्हणूनच तो अल्बम मला कुठल्याही प्रमाणपत्राइतका महत्त्वाचा वाटतो. काही संस्था तो मनापासून दाखवतात, काही ठिकाणी तो कपाटातच राहतो, आणि पहिल्या भेटीत हा फरक लगेच कळतो.

ठाण्यापुरते बोलायचे तर दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टनाक्यावरच्या जिल्हा न्यायालयातून मिळे. २०२१ च्या दुरुस्तीने १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे त्याच नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेला. आदेशानंतर मुलाचा पासपोर्ट काढावा लागतो. घरी पोहोचल्यावर दोन वर्षे अहवाल येत राहतात : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

निघण्याच्या दिवशी त्या आईने माझ्याकडून काही मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून घेतले : भूक, पाणी, शू, दुखतंय, झोप. मग तिने विचारले, ही रात्री मावशींसाठी रडली तर काय सांगू? मावशी म्हणाल्या, ‘उद्या येईल असं खोटं सांगू नका. लांब आहे म्हणावं.’ आणि अल्बमच्या शेवटच्या रिकाम्या पानात त्यांनी स्वतःचा पासपोर्ट आकाराचा फोटो सरकवला.