पत्रकाराचे खासगी कागद अभिलेखागाराला देताना: अर्ज नेमका कुठे अडतो

चळवळीत, पक्षात वावरलेल्या पत्रकाराच्या घरी पत्रे, डायऱ्या, टिपणवह्या, सायक्लोस्टाइल पत्रके आणि समासात शेरे मारलेली कात्रणे असतात. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३, कलम ११ नुसार राष्ट्रीय अभिलेखागार असे खासगी कागद भेट म्हणून किंवा विकत घेऊ शकते. महत्त्व कागदांचे पाहायचे असते, पदाचे नाही. तालुक्याच्या वार्ताहराचे कागदही ऐतिहासिक मोलाचे असू शकतात, त्यामुळे घरच्यांनी आधीच हात आखडू नये.

विनंतीपत्र, यादी, ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला जोडणे सोपे आहे. गाडी अडते ती वारसांपाशी. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीपुरती, बँकेतले नॉमिनेशन त्या खात्यापुरते. पेटीतल्या कागदांची मालकी त्यातून सिद्ध होत नाही. मृत्युपत्रात घर-दागिने असतात, कागदांचा उल्लेख बहुधा नसतो. म्हणून सगळ्या वारसांची सही असलेले संमतिपत्र आधी करा. परगावी राहणाऱ्या बहिणीची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून ठेवली की तीच शेवटपर्यंत राहते.

दुसरी चूक म्हणजे ‘सर्व हक्क देत आहोत’ हे वाक्य. पत्रकाराला आलेले पत्र त्याच्या मालकीचे, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा. नोकरीत असताना वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा छापण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वर्तमानपत्राच्या मालकाचा. तेव्हा ‘आमच्याकडे असलेले हक्क’ एवढेच लिहा, आणि ते किती मुदतीसाठी व कोणत्या प्रदेशासाठी देता ते स्पष्ट घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. या एका राहिलेल्या ओळीपायी पुढे अभ्यासकांची अडवणूक होते.

कॉपीराइटच्या ६० वर्षांच्या मुदतीचा हिशेबही चुकतो. ती लेखकाच्या मृत्यूच्या तारखेपासून नव्हे, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. लेखक मार्च १९७० मध्ये गेला असेल, तर हयातीत छापलेल्या लेखनाचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. हयातीत न छापलेली डायरी मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली, तर मोजणी प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून.

सगळ्यात जपायचे ते बातमीच्या सूत्रांना. प्रेस कौन्सिल कायदा १९७८ पत्रकाराला सूत्र उघड करायला भाग पाडू देत नाही, पण ते संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरते. अभिलेखागारात गेलेल्या वहीतल्या नावाला तुम्ही घातलेल्या अटीचाच आधार. अशा वह्या वेगळ्या काढून, पाकीट बंद करून, त्यावर ‘३१ डिसेंबर २०५० पर्यंत बंद’ अशी ठाम तारीख घाला. ‘संबंधित हयात असेपर्यंत’ असे लिहू नका. ते तपासायचे कुणी? पक्षाची इतिवृत्ते पक्षाची असू शकतात, तीही बाजूला ठेवून आधी विचारा.

परदेशी विद्यापीठाला मूळ कागद पाठवण्याचा विचार असेल तर थांबा. ७५ वर्षे जुने आणि ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. स्कॅन पाठवा.

कागद ‘नीट’ लावू नका. मूळ क्रम हीच माहिती असते. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. गंजलेल्या टाचण्या तेवढ्या हलक्या हाताने काढा. यादी अशी हवी: ‘गठ्ठा ७, निळी दोरी, १९७५ ते १९७७, सायक्लोस्टाइल पत्रके ४२, तुरुंगाचा शिक्का असलेली पोस्टकार्डे ११.’ पोच घेतानाही गठ्ठ्यांऐवजी याच आकड्यांवर सही घ्या, आणि तिची एक प्रत प्रत्येक वारसाकडे द्या.