अ‍ॅप टाकलं की सगळे कॉल ऐकले जातात?

म्हापसा-फोंड्याच्या फॅमिली ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: कुठलंही अ‍ॅप टाकलं की ते तुमचे सगळे कॉल ऐकतं, मेसेज वाचतं. काळजी रास्त आहे, पण असं आपोआप होत नाही. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) माइक आणि एसएमएससाठी अ‍ॅपला तुमची परवानगी मागावी लागते. आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपला मेसेजपेटी उघडताच येत नाही.

खरी जपायची ती ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे अपंगांच्या सोयीसाठी अ‍ॅपला पडदा वाचू देणारी परवानगी. ती दिली तर पडद्यावर आलेला ओटीपीही अ‍ॅपला दिसू शकतो. थकलेल्या वीजबिलाच्या नावाने आलेल्या लिंकवरून अ‍ॅप टाकू नका, ते यासाठीच.

तपासायचं असेल तर अँड्रॉइडवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, एसएमएस. तिथे अनोळखी नाव दिसलं की परवानगी काढा. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असला की वर कोपऱ्यात हिरवी खूणही दिसते.