क्यूबाने घरोघरी जाऊन बल्ब बदलले

वीजनिर्मिती करणाऱ्यांच्या दृष्टीने दिवसातली सर्वांत कठीण वेळ म्हणजे तिन्हीसांज. लाखो घरांतले दिवे जवळपास एकाच वेळी लागतात आणि पुढचे तीन-चार तास मागणी शिखरावर राहते. क्यूबात २००४ साली मातान्सासजवळचं आन्तोनियो गितेरास हे महत्त्वाचं औष्णिक केंद्र बिघडलं, तेव्हा नेमक्या याच वेळेने लोकांना रडवलं. त्यानंतरचे कित्येक महिने सव्वा कोटीच्या आतल्या या देशाने तासन्‌तास भारनियमन सोसलं.

सरकारने २००६ हे वर्ष ‘ऊर्जाक्रांतीचं वर्ष’ म्हणून जाहीर केलं. सामाजिक कामाचं प्रशिक्षण घेतलेली हजारो तरुण मुलं-मुली आणि विद्यार्थी घरोघरी जाऊ लागले. जुना पिवळा बल्ब काढायचा, त्या जागी सीएफएल (छोट्या वळवलेल्या ट्यूबलाइटसारखा, कमी वीज खाणारा दिवा) बसवायचा, घरमालकाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. सुमारे सहा महिन्यांत ९० लाखांहून अधिक बल्ब बदलले गेले. साध्या बल्बची आयात आणि विक्रीही बंद झाली.

साध्या बल्बमध्ये इतकं काय चुकतं? त्यातली टंगस्टनची तार सुमारे २,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. आपल्याला हे तापमान प्रचंड वाटतं, पण प्रकाशासाठी ते कमीच आहे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा, म्हणून त्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा दृश्य प्रकाशात येतो. तारेची बहुतेक ऊर्जा मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत, म्हणजे उष्णतेत जाते. दृश्य प्रकाश म्हणून हाती लागतात जेमतेम पाच टक्के. तार आणखी तापवावी तर टंगस्टनची वाफ होऊन ती लवकर तुटते आणि ३,४२२ अंशांना तर टंगस्टन वितळतोच. म्हणजे कारखाना कितीही चांगला असला तरी या बल्बची मर्यादा सुटत नाही. सीएफएलमध्ये तार तापवून उजेड पाडत नाहीत. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला लेप त्यांचा पांढरा प्रकाश करतो. त्यामुळे ६० वॉटच्या बल्बचं काम १५ वॉटमध्ये होतं.

आता हिशेब करू. एका दिव्यामागे ४५ वॉट वाचले असं धरलं, आणि ९० लाखांपैकी निम्मेच दिवे एका वेळी लागले, तरी मागणी सुमारे २०० मेगावॉटने उतरते. नाशिकच्या एकलहरे केंद्रातला एक संच २१० मेगावॉटचा आहे. तेवढा संच न उभारता, त्यासाठी कोळशाचा कणही न जाळता हे साधतं, आणि तेही ऐन गर्दीच्या वेळी.

या बचतीने क्यूबाची वीजव्यवस्था कायमची सावरली असं नाही. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी तेच गितेरास केंद्र बंद पडलं आणि अख्खा देश अंधारात गेला. दिवे बदलल्याने मागणी उतरते, म्हाताऱ्या झालेल्या केंद्रांची डागडुजी वेगळीच करावी लागते.

मला या मोहिमेत सर्वांत मोलाची वाटते ती दारात येणारी माणसं. चालू बल्ब कोणी फेकत नाही. नवा महाग दिवा आणला तर तो दिवाणखान्यात लागतो आणि जुना मोरीत किंवा जिन्यात जातो, म्हणजे वापर उलट वाढतो. जुना हातात घेतल्याशिवाय नवा द्यायचा नाही, या एका नियमाने ती पळवाट बंद होते. आपल्याकडच्या ‘बचत लॅम्प योजने’तही हेच होतं: जुना बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या. पुढे ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली. मोठ्या घाऊक खरेदीमुळे एलईडी बल्बचा खरेदीदर ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघरी गेले.

तरीही आपल्या जिन्यात, गोठ्यात, देवघरात जुने बल्ब उरलेत. सोसायटीतल्या किंवा गावातल्या कार्यकर्त्यांनी भाषणाऐवजी घरचा मीटरच दाखवावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. पाटीवर ३२०० हा आकडा असेल, तर एका युनिटला तो ३२०० वेळा लुकलुकतो. (काही मीटरांवर आकडा वेगळा असतो, तो आधी बघून घ्यावा.) फ्रिज, टीव्ही, राउटर, चार्जर सगळं बंद करून एकच ६० वॉटचा बल्ब लावा: दर १९ सेकंदांनी एकदा लुकलुक दिसेल. त्याच जागी नऊ वॉटचा एलईडी लावला की पुढच्या लुकलुकीसाठी दोन मिनिटांहून जास्त थांबावं लागतं. हे पाहिलेल्या आजींना युनिट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. रोज पाच तास लागणारा ६० वॉटचा बल्ब महिन्याला नऊ युनिट खातो, एलईडी दीड युनिटसुद्धा नाही.

बल्ब विकत घेताना वॉट पाहू नये, खोक्यावरचे ल्युमेन पाहावेत. प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, वॉटमध्ये फक्त वीज.

बदलाबदलीत निघालेले सीएफएल मात्र घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. प्रत्येकात काही मिलिग्रॅम पारा असतो. ते वेगळे जपून ठेवावेत आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावेत. एखादा फुटलाच, तर पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात, मुलांना खोलीबाहेर पाठवावं, केरसुणी न फिरवता पुठ्ठ्याने काचा उचलाव्यात, ओल्या कागदाने फरशी पुसावी आणि ते सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं.