सिल्नाया रुका

सिल्नाया रुका : ‘खंबीर हात’ या अर्थाचा रशियन शब्दप्रयोग. विस्कटलेला देश एका कणखर माणसाने मुठीत धरून चालवावा, ही लोकभावना त्यातून व्यक्त होते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर (१९९१) तिला मोठे राजकीय वजन आले.

या भावनेचे मूळ झारशाहीत किंवा स्तालिनच्या वारशात शोधण्याची पद्धत आहे. ते स्पष्टीकरण सोपे आहे, पण अपुरे. बहुसंख्य रशियनांच्या मनात असते ती ‘लिखिये देव्यानोस्तिये’, म्हणजे बेबंद नव्वदी (१९९० चे दशक). २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील सरकारी नियंत्रण उठले आणि वर्षभरात भाव सुमारे २६ पट झाले. आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली. पगार महिनोन्‌महिने थकत; काही कारखान्यांत पगाराऐवजी तिथलाच माल हातावर ठेवला जाई. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५८ वर्षांच्याही खाली गेले. तेल आणि धातूंचे सरकारी उद्योग मूठभरांच्या घशात गेले. लोक ‘प्रिवातिझात्सिया’ला (खासगीकरण) ‘प्रिख्वातिझात्सिया’ म्हणू लागले. ‘प्रिख्वातित’ म्हणजे लंपास करणे. हे सारे लोकशाहीच्या नावाने चालल्यामुळे तो शब्दच बदनाम झाला. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या एस्टोनियातही १९९२ मध्ये भाव सुमारे दसपट झाले होते, पण एस्टोनियनांना त्या हालांसोबत स्वतःचा देश परत मिळाला. रशियनांना आपला देश गेल्यासारखे वाटले.

१९९९ च्या अखेरीस व्लादिमीर पुतिन सत्तेवर आले आणि त्याच सुमारास तेलाचे भाव चढू लागले. पगार, पेन्शन वेळेवर मिळू लागले. श्रेय अर्थातच तेलाला नव्हे, राज्यकर्त्याला मिळाले. २००१ मध्ये एनटीव्ही ही खासगी वाहिनी सरकारी कंपनीच्या ताब्यात गेली, २००४ मध्ये गव्हर्नरांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. देशभर संताप उसळला, असे झाले नाही.

हा पाठिंबा बिनशर्त मात्र नाही. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावर लेवादा केंद्र या जनमत चाचणी संस्थेच्या पाहण्यांत पुतिन यांची लोकप्रियता ८० टक्क्यांवर गेली. २०१८ मध्ये निवृत्तीचे वय वाढवताच ती ६५ टक्क्यांच्या आसपास आली. लोक भीतीपोटी ‘हो’ म्हणतात का, हे ताडण्यासाठी २०१५ मध्ये संशोधकांनी आडवळणाने प्रश्न विचारून पाहिले. पाठिंबा बऱ्याच अंशी खराच निघाला. २०२२ पासून सैन्याची ‘बदनामी’ हा गुन्हा ठरल्याने अशा उत्तरांवर तितका विश्वास ठेवता येत नाही.