नर्स सोडून का जात नाहीत?

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली रुग्णालयं नर्सच्या तुटवड्याने हैराण होती. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंग'ने तेव्हा प्रश्न उलटा केला: काही ठिकाणी नर्स टिकतात, त्या का टिकतात? १६३ रुग्णालयांतून ४१ निवडली गेली आणि १९८३ साली अहवाल आला. नर्सना धरून ठेवणारी ती 'मॅग्नेट' रुग्णालयं. रीतसर मान्यता देण्याची पद्धत नंतर आली. १९९४मध्ये पहिला मान सिएटलच्या विद्यापीठ रुग्णालयाला मिळाला.

निवड झाली होती नर्सचा विचार करून. रुग्णांचं काय? नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांनी १९९४मध्ये ३९ मॅग्नेट रुग्णालयांची तशाच १९५ रुग्णालयांशी तुलना केली. मॅग्नेटमध्ये मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्ध रुग्णांचे मृत्यू सुमारे ५ टक्क्यांनी कमी निघाले.

हे कसं घडतं? शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग कुठेही होऊ शकतो. खरा फरक पडतो तो नंतर, रुग्णाला त्यातून बाहेर काढण्यात. समजा, रात्रीचे तीन वाजलेत. श्वास मिनिटाला १६चा २४ झालाय, आजोबा जरा असंबद्ध बोलतायत. हे टिपायला नर्सला त्या खाटेपाशी दोन मिनिटं थांबता यायला हवं. एकेन यांच्याच २००२च्या अभ्यासात नर्समागे एकेक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

पण नुसती डोकी वाढवून भागत नाही. नर्सने फोन केला तर डॉक्टर उठून येतो, की 'सकाळी बघू' म्हणतो? मॅग्नेटच्या निकषांत नर्सिंग प्रमुखाला वरच्या व्यवस्थापनात स्थान आणि कामाच्या पद्धती ठरवताना नर्सचा शब्द, या गोष्टी येतात. संशोधक मॅथ्यू मॅकह्यू यांनी २०१३मध्ये चार राज्यांतली ५६४ रुग्णालयं तपासली. नर्सची संख्या आणि शिक्षण यांतला फरक हिशेबात धरल्यावरही मॅग्नेटमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता १४ टक्क्यांनी कमी होती. मला सगळ्यात बोलका वाटतो तो हाच आकडा.

शंका रास्त आहे: मुळात चांगली रुग्णालयंच अर्ज करत असतील, तर त्यात मान्यतेचं श्रेय ते काय? पेनसिल्व्हेनियात १९९९नंतर मॅग्नेट झालेली रुग्णालयं आणि न झालेली यांची सात-आठ वर्षांची वाटचाल तपासली गेली. मॅग्नेट झालेल्यांत मृत्यूंचं प्रमाण अधिक वेगाने घटलं होतं. मात्र ती होती अवघी ११, त्यामुळे शंका पुरती फिटली असं मी म्हणणार नाही.